ड म्हणजे डोळ्यांत तेल घालून

"माणसाला माणूस कोणी केलं? अग्नीनं नाही. चाकानं नाही. शेतीनं तर मुळीच नाही. माणसाला माणूस केलं ते नोंदीनं! ज्या दिवशी गुहेच्या भिंतीवर पहिली रेघ ओढली गेली, त्या दिवशी संस्कृती जन्माला आली. आणि ज्या संस्थेला आपली नोंद सांभाळता येत नाही, त्या संस्थेला..."

इथे देवस्थळीसाहेबांनी भाषणाचं पान उलटलं आणि त्यांना पुढचं पान सापडेना.

त्यांनी कोटाचा डावा खिसा पाहिला, उजवा पाहिला, गळ्यातल्या हाराच्या आत हात घालून पाहिला. मी व्यासपीठावरच होतो, म्हणून टेबलाखाली वाकून बघितलं. तिथे चेअरमनसाहेबांच्या चपला होत्या. पान नव्हतं.

देवस्थळीसाहेब आमच्या तालुका दूध संघाचे कार्यकारी संचालक. पुण्याला कसलासा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करून नुकतेच परतले होते आणि तवा गरम होता तोवर संघ सुधारून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. मी संघाचं 'धारोष्ण' नावाचं मासिक काढत असे. म्हणजे अध्यक्षांचा फोटो उलटा की सरळ, एवढं बघत असे. साहेबांनी मला अभिलेख सुधार समितीवर घेतलं, ते माझ्या आडनावामुळे.

"सबनीस! तुमच्या घराण्यात दप्तर सांभाळायची परंपरा असणार."

"साहेब, वडील पोहायला शिकवायचे."

"तेच ते. खोलात शिरणं," साहेब म्हणाले.

तर पान सापडेना म्हणून साहेबांनी तोंडी आवरतं घेतलं. "थोडक्यात काय, संघातल्या प्रत्येक कागदाचं अ, ब, क आणि ड असं वर्गीकरण झालं पाहिजे. सरकारी कचेऱ्यांत असतं तसं. त्याचा तपशील होता माझ्याकडे... पण तपशील महत्त्वाचा नाही. भावना महत्त्वाची!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून घोलपबाई उठल्या. इंदुमती घोलप, रेकॉर्ड विभाग. विभाग म्हणजे त्या स्वतः आणि एक शिडी.

"साहेब, अ मध्ये कुठले कागद घालायचे?"

"बाई, अक्षरं आपण होऊन बोलतात," साहेब हसून म्हणाले. "फक्त ऐकायला शिका."

घोलपबाईंनी मान डोलावली. नंतर चिवडा आणि पेढा झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात एका सकाळी, संघाचं पाणी बंद झालं.

नदीकाठच्या विहिरीतून एक लोखंडी पाइप जमिनीखालून संघाच्या आवारात येत होता आणि टाकीपाशी वर निघत होता. एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याहून जास्त माहीत असायची कोणाला कधी गरज पडली नव्हती. पाण्याशिवाय दूध संघ म्हणजे नुसता गोठा. यंत्रं गार ठेवायला पाणी, बॉयलरला पाणी, धुवायला पाणी. सकाळचं दूध टाकीत येऊन पडलं होतं आणि साठवलेलं बर्फाचं पाणी संपेस्तोवरच ते टिकणार होतं. संध्याकाळच्या दुधाच्या गाड्या गावोगाव फिरायला निघायच्या होत्या. दोन टँकर मागवले, ते यंत्रांनी पेला तोंडाला लावावा तसे पिऊन टाकले.

मी पंपघरापाशी गेलो तर हैदर मिस्त्री दाबाच्या काट्याकडे बघत उकिडवे बसले होते.

"काय हो हैदरभाई, पंप बिघडला?"

"पंप वाघासारखा चालतोय. पाइपबी भरलेला हाय. काटा बघा कसा थरथरतोय. पाणी यायला तयार हाय, पण मधी कुणीतरी दार लावून घेतलंय."

"कोणी?"

"व्हॉल्व्हनं. आतली पाटी गळून पडली असंल. एक व्हॉल्व्ह हितं, एक टाकीपाशी. दोन्ही बघितले, ठणठणीत. म्हंजे मधी तिसरा असणार."

"कुठे?"

हैदरभाईंनी माझ्याकडे बघितलं. "सबनीससाहेब, ते ठावं असतं तर मी तुमच्याशी गप्पा मारल्या असत्या का?"

हैदरभाई संघात आले तेव्हा पाइप आधीच जमिनीत होता. ज्यांनी टाकला ते फिटर वारले होते, ठेकेदार गुजरातेत गेला होता, आणि विहीर ते टाकी या दोन टोकांमध्ये सगळं आवार पसरलं होतं. कँटीन, वजनकाटा, सायकल स्टँड, बाग, पाणपोई. सगळं उकरायचं तर आठवडा गेला असता.

"नकाशा!" देवस्थळीसाहेब म्हणाले. ते शांत होते. किंबहुना त्यांना जरा आनंदच झाला होता. "अशा वेळी कळतं, सबनीस, नोंदीचं मोल. पाइपलाइनचा मूळ नकाशा हा कायमस्वरूपी दस्त असतो. बोलवा घोलपबाईंना."

बाई आल्या. पदर खोचलेला, बोटांची टोकं धुळीनं काळी.

"बाई, पाइपलाइनचा नकाशा."

"तो अ मध्ये होता, साहेब."

"अर्थात अ मध्ये. आणा."

"अ आपण मागच्या वर्षी रद्दीत दिलं."



"अ," साहेब म्हणाले, "रद्दीत?"

"अ म्हणजे अडगळ ना, साहेब. कोणी कधी मागत नाही ते."

साहेब खुर्चीत बसले. बाईंना वाटलं, त्यांना पुढचं ऐकायचंय. "ब म्हणजे बघू. क म्हणजे कामाचं. आणि ड म्हणजे," इथे त्यांचा चेहरा उजळला, "डोळ्यांत तेल घालून."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच म्हणालात, अक्षरं आपण होऊन बोलतात. मी आठवडाभर ऐकलं. मग बोलली."

"अहो, अ म्हणजे कायम ठेवायचे! ड म्हणजे वर्षभरात फाडून टाकायचे!"

बाईंनी क्षणभर विचार केला. उद्धटपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. त्या खरंच समजून घेत होत्या. "मग कायमला क म्हणायला हवं होतं, साहेब. आणि फाडायच्याला फ."

"रद्दीत द्यायची मंजुरी कोणी दिली?"

"तुम्ही. सही आहे तुमची."

"दाखवा सही!"

"ती गठ्ठ्याला जोडलेली होती. गठ्ठ्याबरोबर गेली."

हे ऐकून साहेबांच्या चेहऱ्यावर रागाबरोबर थोडी सुटकाही दिसली, असं मला वाटलं. पण रागच वरचढ ठरला. ते उभे राहिले. "संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही, तर सगळं दूध जाईल. गावोगावच्या माणसांनी पहाटे उठून काढलेलं दूध. आणि दूध गेलं बाई, तर त्याच्याबरोबर तुम्हीही जाल. मी आत्ताच कागद टाइप करून ठेवतो."

"बरं, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान सोलापूरची गिरणी बंद पडल्यापासून घरी होते, थोरली मुलगी डी.एड.ला होती, आणि हे साहेबांसकट सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी टेबलाच्या कडेला सरकलेला काचेचा पेपरवेट जागेवर ठेवला आणि त्या गेल्या.

आम्ही जीप काढून नेमीचंद रद्दीवाल्याकडे गेलो. साहेब, हैदरभाई आणि मी. कागद तर केव्हाच भेळेच्या पुड्या होऊन तालुकाभर गेले होते, पण जुने नकाशे कागदावर नसत, खळ चढवलेल्या पातळ कापडावर काढलेले असत. त्यामुळे साहेबांना आशा होती.

"कापडी नकाशे?" नेमीचंद खूश होऊन म्हणाले. "साहेब, काय माल होता! गरम पाण्यात टाकला की खळ सुटते, शाई सुटते आणि खाली मलमल निघते, मलमल! असली आता बाजारात नाही. आमच्या नातवाची सगळी झबली त्याचीच. सूनबाई, बाळाला आणा जरा!"

बाळ आलं. गुटगुटीत होतं. अंगात अतिशय मऊ, पांढरंशुभ्र झबलं. देवस्थळीसाहेबांनी, एम.एस्सी. दुग्धशास्त्र, त्याला दोन्ही हातांनी उचललं, उजेडाकडे धरलं आणि हळूहळू फिरवलं.

"मिस्त्री," ते पुटपुटले, "पाठीवर बघा. निळी रेघ."

हैदरभाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, बोटानं चोळलं. "नीळ हाय, साहेब. कपड्याची."

त्यानंतर बाळानं साहेबांच्या शर्टावर जे केलं, ते त्या सकाळी टँकरनंतर संघाच्या वाट्याला आलेलं पहिलं पाणी.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. रेकॉर्डच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि दारात घोलपबाई उभ्या होत्या.

"साहेब, कागद टाइप झाला असेल तर द्या. पण आधी एकदा आत या. मी काम केलं नाही, असं कोणी म्हणायला नको."

साहेबांचा शर्ट ओला होता, त्यामुळे त्यांच्यात वाद घालण्याची ताकद राहिली नव्हती. ते आत गेले. मागून मी.

समितीचा सदस्य असूनही मी त्या खोलीत तोवर पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्यातच मी चपला काढल्या, आणि का काढल्या हे मला अजून सांगता येणार नाही. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला पांढऱ्या दोऱ्याची गाठ आणि गाठीत चिठ्ठी. साल, महिना, खातं. चैत्राला एक गाठ, आषाढाला दुसरी, म्हणजे अंधारातसुद्धा हाताला ऋतू कळावा. कडुलिंबाचा पाला घातलेला. धूळ औषधाला नाही. हा बाईंचा ड वर्ग: संघ सुरू झाला तेव्हापासूनच्या रजेच्या चिठ्ठ्या, चहाची कुपनं, फाटके पास, आणि आवारातल्या लाकडी पेटीत लोकांनी टाकलेल्या तक्रारी. आधीच्या लोकांनी फेकायचा कंटाळा केला म्हणून त्या पोत्यांत राहिल्या होत्या. बाईंनी पोती उपसली होती आणि एकूण एक चिठ्ठी सरळ करून लावली होती. जगातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा कागद जगातल्या सगळ्यात सुंदर रीतीनं ठेवलेला मी पाहिला. देवळात मूर्तीच्या जागी कोणाची तरी चप्पल असावी, पण पूजा मात्र यथासांग चाललेली असावी, तसं काहीसं. आणि तरी हात जोडावेसे वाटत होते.

साहेबांना हात जोडावेसे वाटले नाहीत. त्यांनी एक गठ्ठा सोडला आणि वरची चिठ्ठी मोठ्यांदा वाचली. "'महोदय, कँटीनमागच्या लिंबाखाली भर उन्हाळ्यात चिखल असतो. डास होतात. माझी नवी विजार खराब झाली. आपला, ब. के. ताम्हाणे.' वा! पासष्ट सालची विजार! हिच्यासाठी तुम्ही डोळ्यांत तेल घातलंत, बाई! आणि नकाशा..."

"परत वाचा," दारातून हैदरभाई म्हणाले.

"काय परत वाचा? विजार?"

"चिखल. भर उन्हाळ्यात, लिंबाखाली." हैदरभाई फडक्याला हात पुसत आत आले. "साहेब, उन्हाळ्यात चिखल कशानं होतो? पाइप झिरपत असणार. म्हंजे पाइप लिंबाखालनं गेलाय."

साहेबांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग हळूच, तिचा कोपरा दुमडणार नाही अशा बेतानं, पुढची चिठ्ठी उचलली.

पुढचे काही तास मी आयुष्यात विसरणार नाही. गठ्ठे बाहेर आले. टायपिस्ट, ड्रायव्हर, कँटीनची माणसं, सगळे झाडांच्या सावलीत बसून चिठ्ठ्या वाचू लागले. जी चिठ्ठी जमिनीबद्दल काही सांगत असेल ती हैदरभाईंना ऐकवायची आणि ते बोट दाखवतील तिथे ठेवून वर दगड ठेवायचा.

"'दुपारी सगळी कुत्री केबिनच्या उंबऱ्यावर झोपतात, साहेब लोकांना आत जाता येत नाही!'"

"गार लागतंय त्यान्ला. खालनं पाणी जातंय. ठेवा उंबऱ्याशी."

"'पंप सुरू झाला की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो आणि बशीत सांडतो. आवक विभाग, खिडकीकडचं टेबल.'"

"ठेवा खिडकीखाली."

"'माळी पक्षपाती आहे. बागेत गुलाबाची एकच ओळ फुलते, बाकीच्या वाळतात. ती ओळ त्याच्या मेव्हण्यानं लावलेली आहे.'"

हैदरभाई खो खो हसले. "बिचारा माळी! ठेवा, ठेवा, ओळीवरच ठेवा."

"'रात्रपाळीला सायकल स्टँडजवळ जमिनीतून कोणीतरी श्श करतं. मी बालबच्चेवाला माणूस आहे. ड्युटी बदलून मिळावी.'"

"ठेवा. भूतबी ठेवा."

"हैदरभाई, ही ऐका," टायपिस्ट म्हणाली. "'बायको तीन महिने माहेरून आलेली नाही, संघानं लक्ष घालावं.' ही कुठे ठेवू?"

"ती आत ठेवा ताई," घोलपबाई घाईनं म्हणाल्या. "ती खासगी आहे."

देवस्थळीसाहेबांनी टाय काढून ठेवला होता. ते मांडी घालून बसले होते आणि मधूनच कोणाला उद्देशून नाही असं बोलत होते. "ह्या माणसाला मी ओळखत होतो. मी आलो त्या वर्षी निवृत्त झाला. कधी बोलला नाही माझ्याशी एक शब्द." आणि थोड्या वेळानं, "केवढं काय काय लिहिलंय ह्यांनी! कोणी उत्तर दिलं का?"

"काहींवर शेरा आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "'काम पूर्ण' असा."

"सबनीससाहेब, जरा गच्चीवर जाऊन बघा," हैदरभाई ओरडले, "खालनं काय उमगंना."

मी आणि घोलपबाई गच्चीवर गेलो. कठड्याशी जाऊन खाली पाहिलं, आणि मी, ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची टिंगल करण्यापलीकडे काही केलं नाही, तो, खरं सांगतो, अवाक झालो.

आवारभर पांढरे कागद दगडाखाली फडफडत होते, आणि त्यांची एक रेघ झाली होती. नदीच्या बाजूनं ती आत येत होती, केबिनच्या उंबऱ्यावरून, सायकल स्टँडच्या भुतावरून, गुलाबाच्या वाफ्यातून, लिंबाखालून, चहाच्या कपाखालून. निरनिराळ्या सालच्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी कुरकुर केली होती, आणि त्या कुरकुरीच्या खाली पाइप जात होता. पाइप कोणालाच दिसला नव्हता. सगळे त्याच्यावरच उभे होते.

"बाई," मी म्हटलं, "मध्येच ती वळली का? बागेच्या पुढे?"

रेघ सरळ येत होती आणि मोकळ्या जागेत, जिथे काहीच नव्हतं, तिथे ओल्या जमिनीच्या चार तक्रारींवरून कमानीसारखा वळसा घालून परत सरळ होत होती.

"काही चुकलं असेल," मी म्हणालो. "सपाट मैदानात वळसा कशाला घालतील?"

बाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "तिथे आंबा होता. मी पाहिला नाही. पण एक चिठ्ठी आहे, 'बागेपुढचा मोठा आंबा तोडला, डबा खायला सावली राहिली नाही, दुसरी सावली मिळावी.'" त्यांनी वळशाच्या आतल्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "पाइप टाकणाऱ्यांनी त्याची मुळं वाचवली असतील."

आंबा केव्हाच गेला होता. तो वाचवणारे गेले होते. त्याच्या सावलीत डबा खाणारे गेले होते. पाइपानं मात्र अजून त्याला वाट सोडली होती. वाऱ्यानं कागद हलत होते आणि रेघ जिवंत असल्यासारखी दिसत होती. मला उगाच वाटलं, आपण संस्था, संस्था म्हणतो ती हीच. एरवी दिसत नाही. गच्चीवर यावं लागतं.

खालून टायपिस्टनं हाक मारली. "सापडलं! ऐका! 'वजनकाट्याकडून कँटीनला येताना वाटेत एक लोखंडी झाकण वर आलेलं आहे. रोज ठेच लागते. आज अंगठ्याचं नख गेलं.' आणि खाली शेरा आहे, 'झाकणावर मुरूम टाकून जमीन सारखी केली. काम पूर्ण.'"

"काम पूर्ण!" हैदरभाईंनी कपाळावर हात मारला. "व्हॉल्व्हच्या तोंडावर माती टाकली आणि काम पूर्ण!"

मग ते स्वतः वजनकाट्यापाशी जाऊन उभे राहिले आणि भुकेला माणूस कँटीनकडे निघावा तसे सरळ चालत निघाले. जिथे त्यांच्या पावलांनी कागदांची रेघ ओलांडली तिथे ते थांबले. उजव्या हाताला संस्थापकांच्या मातोश्रींच्या नावाची पाणपोई होती. तिच्या चौथऱ्याला लागून फरशी होती. त्यांनी फरशीवर पहार आपटली.

आवाज पोकळ आला.

फरशी निघाली, मुरूम निघाला, आणि गंजलेलं लोखंडी झाकण निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एखादं जुनं देऊळ उकरून निघावं तसे सगळे भोवती गोळा होऊन नुसते बघत राहिले. हैदरभाई आत उतरले, पंप थांबवायला सांगितला, व्हॉल्व्हचं डोकं उघडलं, गळून पडलेली पाटी ओढून काढली आणि पुन्हा बंद केलं. मग हात वर करून खूण केली.

टाकीत पहिल्यांदा हवा आली, मग खाकरल्यासारखा आवाज, मग तांबडं पाणी, आणि मग पाणी. वजनकाट्यापाशी संध्याकाळच्या दुधाची पहिली गाडी वळत होती.

घोलपबाई रडल्या वगैरे नाहीत. त्या लगेच खाली बसून चिठ्ठ्या गोळा करायला लागल्या, कारण वारा सुटला होता.

देवस्थळीसाहेब त्यांच्यापाशी गेले. खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. "बाई, हा अ मध्ये घाला."

"कुठल्या अ मध्ये, साहेब? तुमच्या की माझ्या?"

साहेबांनी घसा साफ केला. "तुमच्या."

एवढ्यात चेअरमनसाहेबांची जीप आली. भाऊसाहेब गुंजाळ, सहा फूट, डोक्याला फेटा, पायात करकरीत वहाणा. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं, आणि जे कळलं नव्हतं ते देवस्थळीसाहेबांनी सांगितलं.

"अबकड पद्धतीचं हे यश आहे," साहेब म्हणाले. पण नंतर त्यांना राहवलं नसावं. "आणि बाईंचं."

भाऊसाहेबांनी कंबरेवर हात ठेवून ती कागदांची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. त्यांचा आवाज एरवी माइकशिवाय बाजारापर्यंत जात असे. त्या दिवशी तो जरा भरून आला.

"मंडळी, तीस वरसं मी ह्या आवारात फिरतोय. मला वाटायचं, संस्था म्हंजी मी. मग वाटायचं, संस्था म्हंजी दूध. आज कळलं बघा. जे समदे हितं राबले, ठेचकाळले, कावले, ते समदे हितंच हायेत. जमिनीत हायेत. आणि ह्या माउलीनं त्यान्ला जपून ठेवलं." ते घोलपबाईंकडे वळले. बाई एक एक चिठ्ठी उचलत, धूळ फुंकत, त्यांच्यापर्यंत येऊन पोचल्या होत्या. "बाई, मागा. आज तुम्ही मागायचं आणि ह्या गुंजाळानं द्यायचं. बढती मागा, घर मागा, तुमच्या मालकाला नोकरी मागा. समद्यांच्या म्होरं सांगतो, न्हाई म्हणणार न्हाई."

मनातल्या मनात मी त्यांच्यासाठी यादी करत होतो.

घोलपबाईंनी वर पाहिलं.

"साहेब, जरा पाय उचलता का? तुम्ही एकोणऐंशी सालावर उभे आहात."